मष्णूच्या शेतातला खड्डा

विणकर माणूस घर बघायला गेला की छप्पर बघत नाही, जमीन बघतो. मागाला खड्डा लागतो. त्यात पाय सोडून बसायचं, खाली पावड्या दाबायच्या आणि वर धोटा फेकायचा, असा जन्म काढायचा असतो. तेव्हा जमीन कोरडी आहे ना, खणल्यावर कडा ढासळत नाहीत ना, एवढं कळलं की त्याचं घर बघून झालं. वरून पाणी गळत असेल तर ते बायकोनं बघावं. आमचे आप्पा, म्हणजे वडगावचे यमनाप्पा विणकर, याच पठडीतले, आणि त्यातही चार पावलं पुढे. म्हणून दिल्लीला इंग्रज बादशहाचा दरबार भरला त्या साली आमच्याकडे प्लेग आला आणि ऐन थंडीत पोराबाळांसकट उघड्यावर राहायची वेळ आली, तेव्हा सगळं वडगाव एका दिशेला निघालं आणि आप्पांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

सगळे माळावर चालले होते. माळ उंच आणि मोकळा. तिथंच झोपड्या बांधा असं सरकारी माणसंही सांगून गेली होती. आम्हीही तिथवर गेलो. आईच्या डोक्यावर भांड्यांची बुट्टी, काखेत तीन महिन्यांचा जोती, पदराला चार वर्षांचा परसू, आणि मागून दोन वाकळांचं गाठोडं सांभाळत सात वर्षांची मी. आप्पांनी डोक्यावरच्या बांबूच्या तट्ट्या खाली टाकल्या, कुदळीनं जमीन उकरून बघितली आणि म्हणाले, "हितं न्हाय जमायचं."

"काय न्हाय जमायचं?" आईनं विचारलं.

"खाली मुरूम हाय. खड्डा व्हायचा न्हाय."

माझी आई राजाबाई तोंडाची फटकळ. गल्लीतल्या बायका तिच्याशी भांडायच्या आधी पदर खोचून घ्यायच्या. ती म्हणाली, "आवं, आपण पोरांचा जीव वाचवाय भाईर पडलोय का माग मांडाय? आधी पोटोबा मग विठोबा म्हनत्यात. ह्येंचं आधी माग, मग पोरं!"

ती एवढी चिडली त्याला आणखी एक कारण होतं. आमच्या घरातला मेलेला उंदीर तिला सापडला तो मागाच्या खड्ड्यातच. सकाळी झाडायला वाकली आणि बघते तर पावड्यांखाली तो पडलेला. उंदीर पडला की मागोमाग माणूस पडतो, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्याच दिवशी आमचं घर बंद झालं. कौलं काढून आत ऊन सोडलं, औषधाचं पाणी मारलं. भांडी आणि उन्हात टाकलेली अंथरुणं तेवढी बाहेर आणू दिली. माग आतच राहिला. जोतीच्या आधी आईची दोन बाळं वर्षाच्या आत गेली होती. त्यामुळे जोतीला ती डोळ्यांआड करत नव्हती, आणि खड्डा म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

आप्पांना मात्र वाटत होतं की आज ना उद्या आपण माग सोडवून आणू. अर्धं विणलेलं लुगडं त्यावर तसंच होतं, आणि अर्धं लुगडं सोडून आलेल्या विणकराला झोप लागत नाही. त्यांनी तट्ट्या पुन्हा डोक्यावर घेतल्या आणि येळ्ळूरच्या वाटेला लागले. आमच्या गल्लीतली सात-आठ घरं त्यांच्या मागोमाग आली. ती माणसंही विणकरच. मुरूम त्यांनीही बघितला होता.

येळ्ळूरच्या वाटेवर मष्णूचं भाताचं शेत होतं. मष्णूची बायको गुणाबाई घरातल्या प्रत्येक लग्नाला लुगडी आमच्याकडूनच विणून घ्यायची, त्यामुळे ओळख जुनी. भात कापून झालं होतं. बाकीच्या शेतात मष्णूनं मसूर पेरला होता आणि टोकाचा एक तुकडा तसाच मोकळा पडला होता. आप्पांनी जागा मागितली तेव्हा मष्णू म्हणाला, "ऱ्हावा की. अडचणीला माणसानं माणसाकडं न्हाय जायचं तर कुठं जायचं? तेवढा मसूर तुडवू नकोसा." त्यानं आमच्याकडून काही घेतलं नाही. प्लेगच्या गावची माणसं म्हणून लोक सावली पडू देत नव्हते त्या दिवसांत त्यानं आम्हाला स्वतःच्या जमिनीवर बसवून घेतलं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याला आमच्यावर ओरडावं लागलं आणि त्यात चूक सगळी आमचीच होती.

जागा मिळाली आणि आप्पांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल? खड्डा खणायला घेतला. झोपडी नाही, चूल नाही, आडोसा नाही. काळी माती लोण्यासारखी कापली जाते बघून त्यांचा चेहरा असा खुलला की आपण कशासाठी इथं आलोय हेच ते विसरले. शेजारी आई आणि मी मेढी रोवून तट्ट्या बांधत होतो. दर गाठीला आई एक वाक्य ऐकवत होती.

"खड्ड्यात घाला तुमचा माग!"

"तितंच घालायचा असतोय तो," आप्पा आतून म्हणाले.

संध्याकाळपर्यंत कंबरभर खोल, अगदी रेघेवर कापल्यासारखा खड्डा तयार झाला. नवा खड्डा ओला असतो, म्हणून त्यात काटक्या आणि धसकटं जाळून तो वाळवतात आणि मग शेणानं सारवतात. आप्पांनी तेही केलं. बाकीच्यांनीही आपापले खड्डे खणले. आणि मग माग काही आला नाही. बंद घरातली वस्तू हलवायची नाही असा हुकूम होता. आप्पा दोनदा गेले, दोनदा हात हलवत परत आले. आमच्या झोपडीची अर्धी जमीन त्या रिकाम्या खड्ड्यानं खाल्ली होती. आईनं त्यावर एक तट्टी टाकली आणि आम्हाला दम भरला, "त्येच्यात पाय घालशीला तर तंगडी मोडीन."

मग थंडी पडली.

थंडी सगळीकडेच पडली, पण आमच्या वाटेला जास्त आली. माळावर वारा असतो. भाताच्या सखल शेतात गारठा येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. दिवस मावळला की जमिनीतून धुकं वर यायचं. पहाटे तट्ट्यांच्या आतल्या बाजूनं दंव ठिबकायचं. आई जे बोलत होती ते खरं होतं: खड्ड्याच्या नादानं आप्पांनी आम्हाला शिवारातल्या सगळ्यांत गार जागी आणून ठेवलं होतं. आपला नवरा चुकला हे सिद्ध झाल्यावर इतर वेळी ती खूश झाली असती. या वेळी ती गप्प गप्प राहायला लागली, आणि आई गप्प राहिली की आम्हाला भीती वाटायची.

कारण जोती दूध ओढेना. त्याचे पाय गार पडायचे, ते दिवसा ऊन लागलं तरी तापायचे नाहीत. आई ते पाय आपल्या काखेत धरून बसायची, तोंडाची वाफ द्यायची, खोबरेल चोळायची. झोपडीत शेकोटी केली तर धुरानं तो खोकून काळानिळा व्हायचा, आणि शेजारच्या जयाबाईची तट्टी एकदा पेटल्यापासून कुणी आत आग करायला धजत नव्हतं. आमच्याकडे वाकळा दोन. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा आम्हाला त्या दोन वाकळांचा. आई जोतीच्या अंगावर हात ठेवून बसलेली असायची, आणि एकदा मी तिला स्वतःशीच बोलताना ऐकलं, "ह्यो तरी ठेव रं देवा. ह्यो तरी ठेव."

एके दिवशी तिन्हीसांजेला आई ओढ्यावर पाणी आणायला गेली. जोतीला तिनं माझ्याजवळ दिलं होतं. आप्पा लाकडं तोडायला गेले होते. जायच्या आधी त्यांनी खड्ड्यात काटक्या जाळल्या होत्या, कारण माग येईल ही आशा त्यांनी अजून सोडली नव्हती आणि खड्ड्याला ओल धरू द्यायची नाही म्हणून चार-दोन दिवसांनी ते हा उद्योग करायचे. राख काढून वर तट्टी टाकून ते गेले.

परसूला कुठलीही झाकलेली वस्तू उघडून बघायची खोड होती. आजही आहे, त्याच्या बायकोला विचारा. त्यानं तट्टी सरकवली आणि आत उडी मारली. मी ओरडणार तेवढ्यात तो म्हणाला, "आक्का, हितं ऊन हाय."

मी हात घालून बघितला. सारवलेल्या भिंती गरम होत्या, भाकरी काढून घेतल्यावर तवा असतो तशा. वरून गारठा जात होता, पण आत उतरत नव्हता. मी आईची धमकी विसरले, वाकळ आत टाकली, जोतीला घेऊन उतरले आणि तट्टी डोक्यावर ओढून घेतली. एवढंच मला आठवतं, कारण त्यानंतर आम्ही तिघंही झोपलो.

आई परत आली तर झोपडी रिकामी. तिनं जी हाक मारली ती म्हणे येळ्ळूरच्या वेशीपर्यंत गेली. सगळी वस्ती जमली. कुणी ओढ्याकडे पळालं, कुणी मसुरात शोधायला लागलं. शेवटी जयाबाईनं तट्टी उचलली.

मला जाग आली ती आईच्या चापटीनं. तिनं मला दंडाला धरून वर ओढलं, आणखी एक ठेवून दिली, आणि जोतीला हिसकावून घेतलं. "खड्ड्यात नेऊन निजवलीस व्हय गं त्येला! खड्ड्यात!" तिच्या डोळ्यांसमोर घरचा खड्डा होता, त्यातला तो उंदीर होता. बोलता बोलता तिचा हात सवयीनं जोतीच्या पायांकडे गेला आणि ती मध्येच थांबली. तिनं दुसरा पाय धरून बघितला. मग दोन्ही पाय आपल्या गालांना लावले.

"ऊन हैत," ती म्हणाली. जयाबाईकडे बघून पुन्हा म्हणाली, "आक्का, ह्येचं पाय ऊन हैत."

जोती जागा झाला आणि भुकेनं रडायला लागला. कितीतरी दिवसांनी तो असा रडला होता. आईनं तिथंच बसून त्याला पाजलं, आणि तो चुरूचुरू दूध ओढायला लागला तेव्हा तिनं मान खाली घातली. आप्पा खांद्यावर लाकडं घेऊन आले आणि गर्दी बघून दारातच उभे राहिले. तिनं वर बघितलं नाही. नुसतं म्हणाली, "उद्यापास्नं रोज जाळा त्येच्यात."

तेव्हापासून आमच्या वस्तीचा रिवाजच पडला. संध्याकाळ झाली की सगळ्या खड्ड्यांत काटक्या पेटायच्या. निखारे विझले की राख काढायची, खाली पाचोळा, वर वाकळ, आणि पोरं आत. वर तट्टी, हवेपुरती फट ठेवून. आम्हाला तर ती मजाच झाली. परसू आणि मी पाय पोटाशी घेऊन दोन टोकांना, मधे जोती. आत गेल्यावर बाहेरचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं आणि मातीला खमंग वास यायचा. लोक आता आप्पांचं कौतुक करतात, यमनाप्पानं काय डोकं चालवलं म्हणतात. डोकं कसलं! हट्टानं खणलेला खड्डा होता तो, आणि देवानं त्या हट्टाचं सोनं केलं. पण उपकार ते उपकार. ते कुठल्या दारानं आले याची चौकशी करू नये.

वस्तीवर आठ-दहा दिवस बरे गेले. जोतीच्या गालांवर मांस दिसायला लागलं. आणि मग मष्णू शेत बघायला आला.

मसूर बघत बघत तो टोकाला आला. बरोबर गुणाबाई होती, डोक्यावर ताकाचा मोगा आणि भाजीची बुट्टी घेऊन. आमच्यासाठीच आणलं होतं ते. मष्णू आमच्या झोपडीत वाकला आणि त्याला खड्डा दिसला. मग तो शेजारच्या झोपडीत गेला, मग पुढच्या. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"यमनाप्पा, ह्ये काय करून ठेवलास रं?"

"मागाचा खड्डा, मष्णूअण्णा. माग काय आला न्हाय, पर—"

"आरं, तळ फोडलास की!"

आप्पांना काही कळेना. आमच्यापैकी कुणालाच कळेना. मष्णू खाली बसला आणि त्यानं आम्हाला पोरांना सांगावं तसं सांगितलं. भाताच्या शेतात पाणी उभं राहतं ते उगीच राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिखल करून, माणसांनी आणि बैलांनी तुडवून तुडवून, हातभर खाली एक घट्ट तळ बसलेला असतो. तो तळ पाणी धरतो. तळ फुटला की पाऊस कितीही पडो, पाणी खाली निघून जातं आणि भात वाळतो. "माझ्या आज्जाच्या आज्जापास्नं तुडवलेला तळ हाय ह्यो," तो म्हणाला. "आनी तुमी त्येला सात-आठ भोकं पाडलासा. सांगितलं असतासा तर माळाला लागून दुसरी जागा दिली नसती व्हय मी?"

त्याचा आवाज चढला होता, पण शेवटचं वाक्य बोलताना रडवेला झाला. शेत म्हणजे आपल्या मागाच्या खड्ड्यासारखी जागा, असंच आम्ही सगळे समजलो होतो. विणकराला जमीन म्हणजे पाय सोडायची सोय. तिच्या पोटात दुसऱ्या कुणी शंभर वर्षं काम करून ठेवलंय हे त्याच्या ध्यानात यायचं कसं?

आप्पांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं, खड्ड्यातली वाकळ बाहेर काढून ठेवली, आणि कडेच्या ढिगातली माती आत ओढायला सुरुवात केली. त्यांना दुसरं काही सुचलंच नसावं. पहिलं फावडं पडलं, दुसरं पडलं, आणि आई मधे येऊन उभी राहिली.

ज्या खड्ड्याला तिनं इतक्या शिव्या दिल्या होत्या त्याच्या कडेला ती हात पसरून उभी होती. मला वाटलं आता ती मष्णूशी भांडणार, आणि त्याचं काही खरं नाही. पण ती भांडली नाही. तिनं जोतीला उचललं, गुणाबाईजवळ गेली, आणि तिचा हात धरून त्याच्या पायांवर ठेवला.

"बघा हात लावून," ती म्हणाली. "गेल्या आमुशाला ह्ये पाय मढ्यासारकं गार हुतं. दोन पोरं माझ्या मांडीवर गेल्यात. ह्यो तिसरा. तुमचं नुसकान झालंय, मला कळतंय. शेत तुमचं हाय, तुमी बुजवा म्हटलासा तर बुजवू. पर ह्येला आज कुठं निजवू तेवढं सांगा."

गुणाबाईनं हात काढला नाही. जोतीनं तिचं बोट धरलं होतं. तिनं वाकून खड्ड्यात बघितलं, पाचोळा बघितला, आत तीन पोरांच्या अंगाचे तीन खळगे पडले होते ते बघितले. मग नवऱ्याकडे वळली.

"तळ आपण परत तुडवू," ती म्हणाली. "बैलं हैत, पाय हैत. ह्ये पोर गेलं तर कुठनं आणायचं?"

मष्णू बाहेर पडला. बांधावर जाऊन बसला. आप्पा फावडं हातात धरून तसेच उभे. शेवटी तो उठून आला आणि म्हणाला, "उन्हाळा लागूस्तवर ऱ्हाऊ दे. पर जाताना मी सांगीन तसं बुजवायचं. नुसती माती लोटून जायाचं न्हाय." आप्पांनी वाकून त्याच्या पायाला हात लावला. वयानं आप्पा मोठे होते, त्यामुळे मष्णू दचकून मागे सरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा आवाज आला. मष्णू भाताचं पिंजर, म्हणजे वाळला पेंढा, भरून घेऊन आला होता, वर्षभर बैलांना पुरवून घालायचं ते. त्यानं प्रत्येक झोपडीपुढे एक एक पेंढी टाकली आणि आमच्यापुढे दोन. "पाचोळ्यानं काय हुतंय," तो पुटपुटला, आणि आभार मानायच्या आत गाडी वळवून निघून गेला. मला अजूनही भाताच्या पिंजराचा वास आला की तो माणूस आठवतो, आणि हात आपोआप जोडले जातात.

पौष असा गेला. येळ्ळूरच्या विहिरीवर म्हणे एक दिवस पहाटे कळशीतल्या पाण्याला हात लावता येत नव्हता. वडगावातून रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं, जी घर सोडायला तयार झाली नव्हती, त्यांतली बरीचशी गेली. आमच्या वस्तीवर मात्र कुणी आजारी पडलं नाही. खड्ड्यांतली पोरं सकाळी एकेक करून मुंग्यांसारखी बाहेर यायची आणि उन्हाला पाठ करून बसायची. जोती पालथा पडायला शिकला तो त्या खड्ड्यातच. पडला तो परसूच्या तोंडावर.

फाल्गुन लागला तशी घरं उघडली. कौलं परत चढली. निघायच्या दिवशी मष्णू सकाळीच आला आणि त्यानं आम्हाला तळ बसवायला शिकवलं. खड्ड्यातली माती बाजूला काढून ठेवलेली होतीच. ती भिजवायची, दगड-ढेकूळ काढून कणकेसारखी मळायची, खड्ड्यात वीतभर थर घालायचा आणि पायांनी तुडवायचा. पाणी वर सुटलं की पुढचा थर. विणकर बाया-बापे लुगडी-धोतरं खोचून खड्ड्यात उतरले. पोरं तर चिखलात खेळायला मिळणार म्हणून वेडीच झाली. मष्णू काठावरून बघत होता. एका खड्ड्यात स्वतः उतरून टाच मारून बघितली आणि म्हणाला, "पावड्या दाबणारं पाय हैत. बरं तुडवालेत." त्याच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे पुष्कळच.

आमचा खड्डा शेवटी राहिला होता. सामान बांधून झालं, झोपडीच्या तट्ट्या सुटल्या, आणि तो उघड्यावर दिसायला लागला; आदल्या संध्याकाळी जाळ केला होता, त्यामुळे भिंती अजून काळसर आणि कोरड्या. सकाळचा गारठा अजून गेला नव्हता. आप्पांनी मळलेल्या चिखलात फावडं घातलं.

"थांबा वाईच," आई म्हणाली.

तिनं जोतीला माझ्याकडे दिलं. खड्ड्याच्या कडेला बसली, पाय आत सोडले, आणि हळूच खाली उतरली. उतरून उभी राहिली नाही. गुडघे पोटाशी घेऊन पिंजरावर बसली, आम्ही बसायचो तशी. तिचं डोकंसुद्धा वर दिसेनासं झालं. आम्ही सगळे बघायला काठाशी गेलो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती त्यात पहिल्यांदाच उतरली होती. आम्हा तिघांपलीकडे त्यात जागाच नव्हती. दोन्ही वाकळा खाली, पिंजर खाली, आणि ती वर. तट्ट्या जिथं नीट जुळत नव्हत्या त्या फटीला पाठ लावून, एक गोणपाट पांघरून, आणि एक हात खाली सोडून जोतीच्या छातीवर. रोज पहाटे मी तट्टी सरकवली की तिच्या केसांवर दंव दिसायचं. मला वाटायचं, ती लवकर उठून बाहेर जाऊन येते. सगळी वस्ती आप्पांच्या खड्ड्याचे गुण गात होती, मष्णूला आणि गुणाबाईला दुवा देत होती, देवाचे नवस फेडत होती. हिचं नाव कुणी घेतलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही.

आईनं भिंतीला तळहात लावला. मग गाल लावला आणि डोळे मिटले.

"एवढी ऊब हुती व्हय हितं?" ती म्हणाली.

आप्पांच्या हातातलं फावडं खाली गेलं. ते काठावर उकिडवे बसले, तिच्याकडे बघत राहिले, आणि जन्मात कधी काढला नसेल अशा आवाजात म्हणाले, "बस. बस वाईच." मग त्यांनी मान वर करून विचारलं, "मष्णूअण्णा, गडबड न्हाय न्हवं?"

"मला कसली गडबड?" मष्णू म्हणाला आणि तोही खाली बसला. गुणाबाई बसली, जयाबाई बसली, पोरं बसली. तिला पोटभर बसू दिलं, आणि तोवर चिखलानं भरलेले पाय घेऊन आम्ही सगळे त्या खड्ड्याभोवती बसून राहिलो.